साळबाईचा तह आणि ‘रेंजर’ : अठराव्या शतकातील एका लढाऊ नौकेचा सेवावृत्तांत

प्रस्तावना

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेल्या या पर्जन्यछायेच्या प्रदेशाचा इतिहास लिहिताना भुईकोट, घाटवाटा, पेठा आणि दुष्काळ यांचा विचार होतो. आरमाराचा सहसा होत नाही. महाविद्यालयीन अध्यापनातही मराठ्यांचे आरमार हा विषय शिवकाळात सुरू होतो, कान्होजी आंग्रे यांच्यापर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. वस्तुतः अहमदनगरच्या निजामशाहीचे महत्त्वाचे बंदर चौल हे होते, आणि १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला घातलेला वेढा हा याच जिल्ह्यातील राजधानीतून ठरलेल्या राजकारणाचा भाग होता. घाटमाथ्यावरील सत्ता आणि दर्या यांचा संबंध पुढेही तुटला नाही.

या संबंधाचा दुसरा धागा कोपरगाव येथे सापडतो. १७ मे १७८२ रोजी झालेल्या साळबाईच्या तहाने रघुनाथराव पेशव्यांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली, राहण्याचे ठिकाण निवडण्यास चार महिन्यांची मुदत मिळाली आणि इंग्रजांनी त्यांचा पक्ष सोडला. रघुनाथरावांनी गोदावरीकाठचे कोपरगाव पत्करले. ज्या तहामुळे ते कोपरगावी आले, त्याच तहाची शाई वाळते न वाळते तोच कोकणच्या समुद्रात एक घटना घडली. ८ एप्रिल १७८३ रोजी पेशव्यांच्या आरमाराने मुंबईकर इंग्रजांची ‘रेंजर’ नावाची बारा तोफांची नौका लढून काबीज केली. प्रस्तुत लेखात या नौकेचा वृत्तांत, त्यामागील राजकीय परिस्थिती आणि दोन्ही बाजूंच्या नोंदींचे स्वरूप यांचा विचार केला आहे.

नौकांचे वर्ग : शब्दांचा गोंधळ

‘रेंजर’ ही नेमकी कोणत्या प्रकारची नौका होती, याविषयी लेखकांत एकवाक्यता नाही. कोणी तिला ‘स्नो’ म्हणतो, कोणी ‘ब्रिग’, तर कोणी सैलपणे ‘स्लूप’. हा गोंधळ समजून घेण्यासाठी अठराव्या शतकातील नौकाशास्त्रातील एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. काही नावे शिडांच्या रचनेवरून पडलेली आहेत, तर काही नौकेच्या आरमारी दर्जावरून. ब्रिग ही दोन डोलकाठ्यांची, आडव्या परभाणांवर चौकोनी शिडे लावणारी नौका. स्नोदेखील तशीच; परंतु तिच्या मोठ्या डोलकाठीच्या लगतच मागे एक बारीक काठी उभी केलेली असे आणि मागचे शीड तिच्यावर चढविले जाई. ही नावे रचनेची आहेत.

‘स्लूप’ या शब्दाची गोष्ट निराळी. व्यापारी जगात स्लूप म्हणजे एका डोलकाठीची लहान नौका. पण इंग्लंडच्या राजकीय आरमारात हाच शब्द दर्जाचा वाचक होता. साधारणतः वीसपेक्षा कमी तोफांची आणि पूर्ण कप्तानाऐवजी कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हाताखाली असलेली लढाऊ नौका ती स्लूप. मग तिला डोलकाठ्या दोन असोत वा तीन. या व्याख्येने बारा तोफांची ‘रेंजर’ आकाराने स्लूपच्या पंक्तीत बसते. मात्र ती राजाच्या आरमाराची नव्हे, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘बॉम्बे मरीन’ या स्वतंत्र आरमाराची होती. राजाचे निशाण आणि कंपनीचे निशाण यांतील हा फरक पाठ्यपुस्तकांत बहुधा पुसला जातो. तो पुसला की किनाऱ्यावरील रोजचे काम कोण करीत होते हेही दिसेनासे होते. राजाची मोठी जहाजे युद्धप्रसंगी येत व जात; व्यापारी तांड्यांचे रक्षण, टपाल, खजिना व अधिकाऱ्यांची ने-आण हे काम बॉम्बे मरीनच्या लहान नौका वर्षभर करीत.

मराठी बाजूस गुराब आणि गलबत हे दोन मुख्य लढाऊ प्रकार. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असे. तिची नाळ पुढे लांब व सखल निघालेली असून तेथून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा बसविलेल्या असत. बाजूंवर सहा ते नऊ पौंडी गोळ्यांच्या तोफा असत. गलबत त्याहून बरेच लहान, क्वचितच सत्तर टनांहून अधिक. परंतु चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या बळावर वारा नसतानाही चालणारे. वारा पडला की गलबते गुराबांना दोरांनी ओढून शत्रूच्या जहाजामागे नेत. चौकोनी शिडांच्या जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींवर असल्याने त्याची पिछाडी दुबळी असे. तेथून शिडे आणि दोरखंड निकामी करायचे, जहाज जागीच अडकवायचे आणि मग चहूबाजूंनी माणसे चढवायची, ही या आरमाराची मुरलेली पद्धत होती. तोफांच्या संख्येची नुसती तुलना करून कोकण किनाऱ्यावरील लढायांचा निकाल समजत नाही. त्या दिवशी वारा किती होता हेही विचारावे लागते.

विजयदुर्ग आणि जहाजांची अदलाबदल

‘रेंजर’ पकडली गेली तो विजयदुर्गाचा टापू इंग्रजांना ‘घेरिया’ या नावाने परिचित होता. गिऱ्ये गावालगत असल्याने पडलेले हे नाव इंग्रजी कागदांत सर्वत्र येते. वाघोटण खाडीच्या मुखाशी उभा असलेला हा जलदुर्ग आणि खाडीत आत खडकात खोदलेली सुमारे ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद गोदी यांमुळे येथे केवळ जहाजांचा आसरा नव्हता, तर ती बांधण्याची व डागडुजी करण्याची सोयही होती.

येथील जहाजांचे इतिहास पाहू गेल्यास एक लक्षणीय गोष्ट आढळते. एकच जहाज आज इंग्रजांचे, उद्या आंग्र्यांचे असे होत असे. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांनी ‘डर्बी’ हे कंपनीचे मोठे व्यापारी जहाज पकडले. १७४९ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी बॉम्बे मरीनचे ‘रेस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज हस्तगत करून आपल्या ताफ्यात घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर स्वारी केली, तेव्हा वॉटसनच्या ताफ्यात राजाच्या आरमाराची ‘किंगफिशर’ ही शब्दशः स्लूप दर्जाची नौका होती. १७४५ मध्ये पाण्यात उतरलेली ही नौका पुढे काही काळ तोफगोळे फेकणारी बाँब-नौका म्हणून वापरली गेली आणि १७६३ मध्ये विकून टाकण्यात आली. तिचा सेवावृत्तांत असा सरळ रेषेत सांगता येतो. ‘रेस्टोरेशन’चा तसा सांगता येत नाही. इंग्रजांनी बांधलेले, आंग्र्यांनी जिंकलेले हे जहाज १७५६ च्या मारगिरीत इंग्रजांच्याच गोळ्याने पेटले, आणि त्याची आग एकमेकांना बांधून ठेवलेल्या इतर जहाजांत पसरून आंग्र्यांचे आरमार बंदरातच भस्मसात झाले.

त्या स्वारीत पेशवे इंग्रजांचे मित्र होते, हे विसरून चालत नाही. नानासाहेब पेशव्यांनी स्वकीय सरदाराचे आरमार परकीयांकरवी बुडविले, हा आक्षेप मराठी इतिहासलेखनात वारंवार घेतला जातो. आक्षेप रास्त आहे. मात्र पुढील भाग तितक्याच आवर्जून सांगितला जात नाही. ऑक्टोबर १७५६ च्या कराराने बाणकोटच्या मोबदल्यात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि तेथे पेशव्यांनी स्वतःचा सुभा आरमार उभा केला. गोदी तीच होती, खाडी तीच होती. आरमाराचे धनी मात्र बदलले. या सुभ्याचे प्रमुखपद पुढे धुळप घराण्याकडे आले आणि आनंदराव धुळप यांनी ते दीर्घकाळ सांभाळले.

इंग्रज-मराठे युद्ध सुरू होताच या आरमाराला मोठा तडाखा बसला. १७७५ मध्ये कमोडोर जॉन मूर याने ‘रिव्हेंज’ आणि ‘बॉम्बे’ या नौकांनिशी घेरियाजवळ मराठी ताफ्यास गाठले. त्यातील ‘समशेरजंग’ हे छेचाळीस तोफांचे जहाज लढता लढता दारूचा भडका उडून नष्ट झाले आणि त्यावरील शेकडो माणसे मृत्यू पावली. आठ वर्षांनंतर ‘रेंजर’ समोर आली तेव्हा विजयदुर्गावरील तांडेल-खलाशांच्या स्मरणात ‘समशेरजंग’ नसेल, असे मानणे कठीण आहे. कागदपत्रांत हे लिहून ठेवलेले सापडणार नाही, पण आरमार हा माणसांचा समुदाय आहे आणि त्याला स्मृती असते.

तह कोठे पोहोचला होता?

‘रेंजर’च्या घटनेचा उलगडा तारखांवर अवलंबून आहे. तह ग्वाल्हेरजवळील साळबाई येथे महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी ठरला. कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जने जून १७८२ मध्ये त्यास मान्यता दिली. पुण्यात मात्र नाना फडणविसांनी मान्यतेस विलंब लावला. म्हैसूरचा हैदरअली इंग्रजांशी लढत होता. तो प्रबळ असेपर्यंत तहाचे वजन हाती राखून ठेवणे नानांना सोयीचे होते. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला. २० डिसेंबरला पुणे दरबाराची मान्यता झाली आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजी तहाच्या प्रतींची अखेरची देवघेव झाली. या तारखांची संगती नानांच्या धोरणावर पुरेसा प्रकाश टाकते.

देवघेवीपासून ‘रेंजर’च्या लढाईपर्यंत त्रेचाळीस दिवस गेले. जासुदाने उत्तरेतून पुण्यास आणि पुण्याहून घाट उतरून विजयदुर्गास खबर नेण्यास हा अवधी अपुरा म्हणता येणार नाही. म्हणून धुळपांना तहाची वार्ताच नव्हती, हे समर्थन एकट्या अंतराच्या आधारे टिकत नाही. परंतु तह झाल्याची वार्ता असणे आणि समुद्रावर इंग्रजी निशाण दिसल्यास काय करावे याचा हुकूम असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कान्होजींच्या काळापासून किनाऱ्यावर दस्तकाची पद्धत होती. मराठी सत्तेचे दस्तक घेऊन चालणारी नौका सुरक्षित, न घेणारी अडविण्यास पात्र; आणि इंग्रजांनी हा अधिकार मनापासून कधीच मान्य केला नव्हता. जमिनीवरचे महाल कोणाचे हे तहाने कलमवार ठरविले. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई पेशव्यांना परत मिळावयाची होती. समुद्रावरील पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडण मात्र इतक्या सहज मिटणारे नव्हते. त्यातच युद्धात जिंकलेले महाल मुंबईकरांनी अद्याप प्रत्यक्ष हवाली करावयाचे होते. तह झाला होता. तहाची अंमलबजावणी व्हावयाची होती. ‘रेंजर’ नेमकी या मधल्या काळात सापडली.

जहाजावर कोण होते?

बारा तोफांच्या एका नौकेच्या लढाईला इतके महत्त्व का आले, याचे उत्तर तिच्यावरील उतारूंत आहे. त्यांच्यासाठी थोडे दक्षिणेकडे जावे लागते. जानेवारी १७८३ मध्ये मुंबई सरकारच्या आज्ञेने जनरल रिचर्ड मॅथ्यूज हा कानडा किनाऱ्यावर उतरला. होनावर, कुंदापूर घेत तो घाट चढला आणि बिदनूरचा सुभेदार अयाजखान याने फारशी लढाई न देता ते समृद्ध ठाणे त्याच्या हवाली केले. तेथील खजिन्याच्या वाटणीवरून इंग्रजी सैन्यातच तंटा उभा राहिला. ब्रिगेडिअर जनरल नॉर्मन मॅक्लाऊड, कर्नल हंबरस्टन आणि मेजर शॉ हे तीन अधिकारी सैन्य सोडून मुंबईस आले आणि त्यांनी मॅथ्यूजविरुद्ध तक्रार गुदरली. मॅक्लाऊड हा स्कॉटलंडमधील एका कुळाचा प्रमुख. हंबरस्टन हादेखील तेथील मॅकेंझी घराण्यातला आणि १७८२ मध्ये मलबारात फौजेचे नेतृत्व केलेला. मुंबई सरकारने त्यांची तक्रार उचलून धरली, मॅथ्यूजला दूर केले आणि त्याच्या जागी मॅक्लाऊडची नेमणूक केली.

या नव्या सेनापतीला व त्याच्या सहकाऱ्यांना दक्षिणेस पोहोचविण्याचे काम ‘रेंजर’कडे आले. नौकेचा अधिकारी बॉम्बे मरीनचा लेफ्टनंट प्रुएन हा होता. ५ एप्रिल १७८३ रोजी ‘रेंजर’ने मुंबई सोडली. म्हणजे ही नौका त्या क्षणी युद्धावर निघालेली नव्हती. ती एक राजकीय हुकूम आणि तो अमलात आणणारी माणसे वाहून नेत होती.

८ एप्रिलची लढाई

मुंबईपासून विजयदुर्ग समुद्रमार्गे सुमारे दीडशे सागरी मैलांवर आहे. एप्रिलमध्ये कोकण किनाऱ्यावर रात्री व पहाटे जमिनीकडून मंद वारा येतो, दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा भरतो. या दोहोंच्या मधल्या वेळी चौकोनी शिडांच्या नौका बहुधा रेंगाळतात. वल्ह्यांच्या गलबतांना ती अडचण नसते. तिसऱ्या दिवशी ‘रेंजर’ला समोर मराठी ताफा दिसला. इंग्रजी वृत्तांतानुसार त्यात दोन मोठी जहाजे, एक केच आणि आठ गलबते होती. आनंदराव धुळप यांच्या हुकमतीखालील हा ताफा कोणतीही बोलाचाली न करता चालून आला, असा त्या वृत्तांताचा रोख आहे. मराठी वृत्तांत ही गाठ रत्नागिरीच्या दर्यात पडल्याचे सांगतो, इंग्रजी लेखक घेरियाचे नाव घेतात. चालत्या लढाईला एकच ठिकाण देता येत नाही, हे लक्षात घेतल्यास ही विसंगती फारशी गंभीर उरत नाही.

झुंज चार-पाच तास चालली. अकरा नौकांपुढे एका नौकेने इतका काळ तग धरला, याचे श्रेय प्रुएन आणि त्याच्या माणसांना द्यावेच लागते. मॅक्लाऊड, हंबरस्टन, शॉ हे उतारूही बंदुका घेऊन लढले. शॉ गोळी लागून जागीच ठार झाला. मॅक्लाऊड जखमी झाला, हंबरस्टनच्या छातीत गोळी शिरली. बहुतेक अधिकारी ठार वा जखमी झाल्यावर मराठी जहाजे ‘रेंजर’ला येऊन भिडली, माणसे वर चढली आणि नौका काबीज झाली. मराठ्यांचीही मोठी हानी झाली. नौका व बंदिवान विजयदुर्गास नेण्यात आले. तेथेच ३० एप्रिल १७८३ रोजी हंबरस्टन जखमेने मरण पावला.

या लढाईकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. इंग्रजी लेखक, विशेषतः एकोणिसाव्या शतकातील, तिला तहभंग करून केलेला चाच्यांचा हल्ला ठरवितात. मराठी लेखक तिला धुळपांचा मोठा विजय म्हणून गौरवितात. पहिल्या मताविषयी एवढेच म्हणावे लागते की पगारी सुभेदाराच्या हुकमतीखाली, सरकारी ताफ्याने, सरकारी बंदरात नेलेली नौका ही चाचेगिरीच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. तहभंगाचा प्रश्न वेगळा, आणि तो खरा आहे. दुसऱ्या मताविषयी असे की संख्याबळाचे प्रमाण पाहता लष्करीदृष्ट्या हा निकाल आश्चर्यकारक नव्हता. धुळपांची योग्यता सिद्ध करण्यास त्यांची आरमार राखून ठेवण्याची कामगिरी अधिक उपयोगी आहे. ‘समशेरजंग’ गेल्यानंतरही आठ वर्षांनी दोन मोठी जहाजे आणि आठ गलबते एकत्र, शिस्तीने चालविता येणे, ही गोदीची, पगारपत्रकांची आणि तांडेलांच्या कौशल्याची साक्ष आहे. एका दिवसाच्या विजयापेक्षा ती मोलाची वाटते.

परिणाम : खरे आणि मानलेले

‘रेंजर’ पकडली गेल्याने बिदनूर इंग्रजांच्या हातून गेले, असे विधान काही ठिकाणी आढळते. तारखा तपासल्यास ते स्वीकारता येत नाही. टिपू सुलतान ९ एप्रिलच्या सुमारास, म्हणजे लढाईच्या दुसऱ्याच दिवशी, बिदनूरला भिडला होता. ‘रेंजर’ निर्विघ्न गेली असती तरी मॅक्लाऊड आणखी काही दिवसांनी किनाऱ्याला लागला असता आणि घाट चढून वेढा पडलेल्या ठाण्यात शिरणे त्याला जवळजवळ अशक्य होते. एप्रिलअखेरीस मॅथ्यूजने शरणागतीच्या अटी मान्य केल्या. खजिन्याच्या अपहारावरून टिपूने अटी मोडल्याचा ठपका ठेवला आणि मॅथ्यूज त्याच वर्षी श्रीरंगपट्टणच्या कैदेत मेला. सेनापती बदलण्याचा हुकूम त्या वेळी विजयदुर्गावर बंदिवान होता, एवढेच म्हणता येते. मात्र किनाऱ्यावरील उरलेल्या इंग्रजी फौजेला ऐन अडचणीच्या काळात वरिष्ठ अधिकारी मिळाले नाहीत, हा परिणाम खरा आहे.

यात एक विसंगती दडलेली आहे. साळबाईच्या तहाने पेशव्यांवर अशी जबाबदारी टाकली होती की म्हैसूरकरांनी इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख परत करावा यासाठी त्यांनी बांधील राहावे. तहाच्या कागदावर मराठे म्हैसूरविरुद्ध इंग्रजांच्या बाजूला उभे होते. समुद्रावर मात्र त्यांच्याच आरमाराने म्हैसूरच्या युद्धावर निघालेला इंग्रज सेनापती पकडला. हे नानांनी मुद्दाम घडविले, असा तर्क करण्याचा मोह होतो. त्यास पुरावा नाही, आणि घडलेल्या गोष्टी तसे सुचवीतही नाहीत. मुंबई सरकारने पुणे दरबाराकडे तीव्र निषेध नोंदविला आणि समाधान होईपर्यंत तहान्वये द्यावयाचे महाल हवाली करणे थांबविले. म्हणजे बारा तोफांच्या एका नौकेच्या बदल्यात पेशव्यांचे महाल अडकून पडले. युद्धाने थकलेल्या पुणे दरबाराला हा सौदा परवडणारा नव्हता. नौका व जिवंत बंदिवान सोडून देण्यात आले आणि मे १७८३ च्या अखेरीस, पावसाळ्याने समुद्र बंद होण्यापूर्वी, ‘रेंजर’ मुंबईस परतली.

येथे आरमाराच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न समोर येतो. कान्होजी आंग्रे समुद्रावर जे जिंकीत, त्याचा निकाल ते स्वतः लावीत; जहाज ठेवायचे, विकायचे की खंडणी घेऊन सोडायचे हे कुलाब्यात ठरे. धुळप तितकेच कुशल दर्यावर्दी असतीलही, पण ते सुभेदार होते. त्यांनी जिंकलेल्या जहाजाचे भवितव्य पुण्यात, घाटावरील महसुलाचा हिशोब मांडून, ठरले. पेशव्यांच्या आरमाराला सागरी धोरण नव्हते असे सरसकट म्हटले जाते. ‘रेंजर’च्या प्रकरणावरून असे दिसते की धोरण होते, परंतु ते जमिनीच्या धोरणाचे एक दुय्यम कलम होते. १७४९ चे ‘रेस्टोरेशन’ तुळाजींच्या ताफ्यात राहिले आणि १७८३ ची ‘रेंजर’ सात आठवड्यांत परत गेली, यातील फरक शौर्याचा नसून सत्तेच्या रचनेचा आहे.

नोंदींविषयी

‘रेंजर’च्या अभ्यासात आणखी एक अडचण जाणवते. युरोपीय आरमारांत नौका हीच नोंदीचे एकक असे. ती कोठे बांधली, कधी पाण्यात उतरली, कोणकोण अधिकारी होते, केव्हा दुरुस्त झाली, केव्हा विकली, हे सर्व तिच्या नावाखाली सापडते. त्यामुळे ‘किंगफिशर’सारख्या सामान्य नौकेचेही चरित्र दोन-चार ओळींत मांडता येते. मराठी दफ्तराची मांडणी निराळी आहे. तेथे एकक आहे सुभा, मोहीम, किंवा माणूस : सुभा आरमारचा जमाखर्च, सरदाराची नेमणूक, तांडेल-खलाशांचा रोजमुरा, जखमींना व मृतांच्या वारसांना दिलेले बक्षीस. लाकूड, काथ्या, तेल, दारूगोळा यांचे हिशोब आहेत. परंतु एका गुराबेचा जन्मापासून मोडीत निघेपर्यंतचा सलग वृत्तांत मिळणे दुर्मीळ. ‘रेंजर’शी भिडलेल्या दोन मोठ्या जहाजांची चरित्रे ‘रेंजर’इतकी सहज सांगता येत नाहीत, याचे कारण ती जहाजे कमी महत्त्वाची होती असे नव्हे, तर त्यांचा हिशोब ठेवणाऱ्या कारकुनाचा प्रश्न वेगळा होता. त्याला जहाज कोठे गेले यापेक्षा पैसा कोठे गेला हे लिहायचे होते.

द. ब. पारसनीस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मराठ्यांच्या आरमारावर स्वतंत्र पुस्तक लिहून या विषयाला तोंड फोडले आणि धुळपांच्या कामगिरीकडे लक्ष वेधले. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथात आरमाराचा विचार केला. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघालेल्या पेशवे दफ्तराच्या पंचेचाळीस खंडांनी आणखी साधने उपलब्ध केली. तरीही मोडीतील हिशोबी कागद वाचून सुभा आरमारातील एकेका नौकेची फेरजुळणी करण्याचे काम फार थोडे झाले आहे. घाटावरील अभ्यासकाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही, कारण आरमाराचा पगार घाटावरील मुलुखाच्या वसुलाशी जोडलेला होता आणि मोडी दफ्तरे अहमदनगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातही आहेत.

सुटका झालेला मॅक्लाऊड पुन्हा मलबारकडे गेला आणि डिसेंबर १७८३ मध्ये त्याने कण्णूर घेतले. त्याच महिन्यात, ११ डिसेंबर रोजी, रघुनाथरावांचे कोपरगाव परिसरात निधन झाले. आनंदराव धुळप विजयदुर्गाच्या सुभ्यावर कायम राहिले.